फेसाला वाट

रात्रीं इडलीचें पीठ वाटून ठेवणारी गृहिणी पातेलें कांठोकांठ भरीत नाहीं. ती तें अर्धें रिकामें ठेवते. वर ताट झांकते, पण तें दाबून बसवीत नाहीं. आणि उन्हाळ्याचे दिवस असले तर पातेलें थंड जागीं सरकविते. या तीन साध्या गोष्टींत, म्हणजे जागा, वाट आणि थंडावा यांत, एका मोठ्या उद्योगाचा तीनशें वर्षांचा इतिहास सांठविलेला आहे असें म्हटलें तर वाचकांस ती अतिशयोक्ति वाटेल. परंतु युरोपांतील बीअरच्या धंद्याची हकीगत पाहिली म्हणजे तसें वाटण्याचें कारण उरत नाहीं. घरच्या घडाभर पेयाला जें ज्ञान पुरत होतें तें शेंकडों पिंपांच्या हौदाला पुरेना. आणि मग तेंच ज्ञान नव्यानें, यंत्रांच्या व आंकड्यांच्या भाषेंत, मोठी किंमत देऊन मिळवावें लागलें. आज तोच हौद पुन्हां लहान होऊन पाश्चात्य देशांतील हौशी गृहस्थांच्या स्वयंपाकघरांत आला आहे, आणि त्यांच्यांतील नवशिक्यापुढें जुनाच प्रश्न उभा राहिला आहे: आंबण्याचा जोर अनावर झाला तर काय करावें? या प्रश्नाचें उत्तर इतिहासानें कसकसें घडविलें तें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. किण्वनाच्या क्रियेला युरोपीय भाषांत जो 'फर्मेंटेशन' हा शब्द आहे तो लॅटिनमधील 'उकळणें' या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. विस्तवाशिवाय खदखदणारा रस पाहून माणसाला उकळीच आठवावी हें स्वाभाविक होतें. 'यीस्ट' हा इंग्रजी शब्द ज्या मूळ धातूपर्यंत जाऊन पोंचतो त्याचें संस्कृत रूप 'यस्' हें होय. फेसाळणें, उसळणें, झटणें असा त्याचा अर्थ असून आपले 'प्रयास' व 'आयास' हे शब्द त्याच धातूपासून निघाले आहेत. मद्य आंबविणाऱ्या द्रव्याला आपल्या पूर्वजांनीं 'किण्व' म्हटलें, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणांत त्याचा उल्लेख आलेला आहे. म्हणजे ही उसळी सर्वांनीं पाहिली होती, तिला नांवेंही दिलीं होतीं. ती कां येते एवढें मात्र कोणास ठाऊक नव्हतें.

आज तें ठाऊक आहे. सातूला मोड आणून व तो वाळवून गरम पाण्यांत त्याचा गोड काढा करतात. त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें उकळतात. आणि काढा निवला कीं त्यांत यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातें व तिचे जवळजवळ सारखे दोन वांटे करतें: एक मद्यार्काचा व दुसरा कार्बन डायऑक्साइड या वायूचा. गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नांवानें जें समीकरण प्रसिद्ध आहे त्याप्रमाणें १८० ग्रॅम द्राक्षशर्करेपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम वायु मिळतो. आतां घरगुती प्रमाणांत हिशेब करून पाहावा. वीस लिटर काढ्यांत आंबण्याजोगी दोन किलोग्रॅम साखर असेल तर त्यांतून जवळजवळ एक किलोग्रॅम, म्हणजे नेहमींच्या हवामानांत पांचशें लिटरांहून अधिक, वायु सुटतो. आणि त्यांतला बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत सुटतो. उष्णता निर्माण होते ती निराळीच. ती सर्व आंतच कोंडली गेली तर एवढा काढा दहा अंशांहून अधिक तापेल.

संकटाचें मूळ या शेवटच्या वाक्यांत आहे. काढा तापला कीं यीस्टचा वेग वाढतो, वेग वाढला कीं उष्णता वाढते, आणि त्या उष्णतेनें वेग पुन्हां वाढतो. भांडें जितकें मोठें तितकें हें चक्र तोडणें कठीण. कारण भांड्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर आंतला काढा आठपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग चौपटच वाढतो. शिवाय या आवेशाचें नुकसान केवळ जमिनीवर सांडलेल्या फेसापुरतें नसतें. आरंभींच्या दिवसांत उष्णतामान फार चढलें तर सामान्य यीस्ट जड जातीचे मद्यार्क व उग्र वासाचीं इतर द्रव्यें अधिक तयार करतें, आणि तीं मागाहून काढून टाकतां येत नाहींत. नवशिक्याला फेसाचा डोंगर पाहून आनंद होतो. जोर म्हणजेच गुण असें त्याला वाटतें. पण पुष्कळदां तो डोंगर म्हणजे बिघाडाची पहिली सूचना असते.

या संकटावर बवेरियानें काढलेला तोडगा कायद्याचा होता. बीअरमध्यें सातू, हॉप व पाणी यांखेरीज कांहीं असूं नये असा तेथील १५१६ सालचा नियम प्रसिद्धच आहे. त्यांत यीस्टचें नांव नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मुख्य कर्त्याचा पत्ता नसतां त्याला आवरण्याचा कायदा मात्र लवकरच झाला. १५५३ सालीं ड्यूक पांचवा आल्ब्रेख्त यानें असें फर्मान काढलें कीं, २९ सप्टेंबर या संत मायकेलच्या दिवसापासून २३ एप्रिल या संत जॉर्जच्या दिवसापर्यंतच बीअर काढावी. उन्हाळ्यांत काढूं नये. उन्हाळ्यांतली बीअर बिघडते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता, आणि कारण न कळतांही उपाय अचूक सांपडला होता. थंडींत आंबणारी बीअर सावकाश तयार होई. तिचें यीस्ट उसळून वर येण्याऐवजीं शेवटीं तळाशीं बसे. आणि ती गार तळघरांत महिनोन्‌महिने टिके. ही उन्हाळी बंदी १८५० पर्यंत चालू होती. तीनशें वर्षें बवेरियांतल्या बीअरवाल्यांचा उष्णतामापक म्हणजे भिंतीवरचें पंचांग होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तिकडे वायूची ओळख पटण्यास सतरावें शतक उजाडावें लागलें. 'गॅस' हा शब्दच मुळीं ब्रुसेल्स येथील व्हान हेल्माँट या वैद्याचा आहे. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं निघालेल्या ग्रंथांत जळत्या कोळशापासून व आंबणाऱ्या द्राक्षरसापासून निघणारा वायु एकच असल्याचें त्यानें सांगितलें आहे. भांड्यांत कोंडून न राहणारा म्हणून त्याला त्यानें जें लॅटिन विशेषण लावलें त्याचा अर्थ 'रानटी' असा होतो. पुढें १७५० नंतरच्या दशकांत स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनें या वायूचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला; आणि १७६७ सालीं लीड्स येथें धर्मोपदेशक म्हणून आलेल्या जोसेफ प्रीस्टलीला बिऱ्हाड मिळालें तें एका बीअरच्या कारखान्याच्या शेजारीं. आंबणाऱ्या हौदांवर साधारण फूटभर जाडीचा या वायूचा थर सदैव तरंगत असतो, त्यांत जळती काडी धरली तर विझते, आणि तो पाण्यांत विरघळविला तर पाण्याला सुखद तिखटपणा येतो, हें त्यानें तेथें पाहिलें. १७७२ सालीं त्यानें असें पाणी करण्याची कृति छापली. आजच्या सोडावॉटरचा एक उगम असा बीअरच्या हौदावर आहे.

प्रीस्टलीला जो वायु खेळाचा विषय झाला तो कामगारांना मात्र काळ होता. हा वायु हवेहून जड असल्यामुळें रिकाम्या केलेल्या हौदाच्या तळाशीं सांचून राहतो. हौद घासण्यास उतरलेला मजूर एकाएकीं कोसळावा, आणि त्याला काढण्यासाठीं घाईनें उतरलेला सोबतीही तेथेंच पडावा, असे अपघात या धंद्यांत वारंवार झालेले आहेत. म्हणून उतरण्यापूर्वीं पेटती मेणबत्ती आंत सोडून पाहण्याची रीत पडली. पण तीही पुरी विश्वासाची नव्हे. कारण मेणबत्ती जळत राहील एवढ्या प्रमाणांतही हा वायु माणसाला घातक होऊं शकतो.

इंग्लंडमध्यें प्रश्नानें निराळें रूप घेतलें. अठराव्या शतकांत लंडनमध्यें पोर्टर नांवाच्या काळसर बीअरचा खप अफाट वाढला, आणि तिच्याबरोबर हौदही वाढत गेले. मालकाच्या हाताच्या स्पर्शावर व नाकावर चाललेला धंदा या आकाराला पुरा पडेना. एक हौद बिघडला तर लहानशा व्यापाऱ्याचें वर्षाचें उत्पन्न बुडे. अशा वेळीं मायकेल कॉम्ब्रून या बीअरवाल्यानें १७५८ सालीं एक निबंध व १७६२ सालीं मोठा ग्रंथ लिहून उष्णतामापकाचा पुरस्कार केला. काढा किती अंशांवर असतां यीस्ट सोडावें आणि तो किती अंशांपर्यंत चढूं द्यावा, हें आंकड्यांत सांगतां येतें, असें त्याचें म्हणणें होतें.

हें म्हणणें सहजासहजीं मान्य झालें नाहीं. हँपशायरमधील ऑल्टन गांवच्या जेम्स बेव्हरस्टॉकची हकीगत या बाबतींत बोलकी आहे. त्यानें उष्णतामापक विकत घेतला, पण बापाला असल्या नव्या फॅडांचा तिटकारा. म्हणून मुलाला तो लपवून वापरावा लागे. पुढें त्यानें काढ्याची घनता मोजणाऱ्या द्रवमापकाचाही उपयोग सुरू केला व तो घेऊन लंडनच्या सॅम्युएल व्हिटब्रेडकडे गेला. व्हिटब्रेड त्या काळचा बडा कारखानदार. त्यानें या तरुणाची बोळवण केली. सदर्कचा हेन्री थ्रेल मात्र अधिक दूरदर्शी निघाला आणि त्यानें त्याला उत्तेजन दिलें. १७८४ सालीं हल येथील जॉन रिचर्डसन यानें काढ्यांतील सार मोजणाऱ्या शर्करामापकावर ग्रंथ लिहिला, आणि मग कांहीं वर्षांतच हीं दोन काचेचीं उपकरणें मोठ्या कारखान्यांत नित्याचीं झालीं.

बापाचा हट्ट आपल्याला हास्यास्पद वाटतो, पण त्यांत केवळ अडाणीपणा नव्हता. ज्याच्या हाताला चाळीस वर्षांचा सराव आहे त्याला काचेच्या नळीनें आपली परीक्षा घ्यावी हें अपमानाचें वाटतें. शिवाय हाताचें ज्ञान खोटेंही नसतें. त्याची उणीव एवढीच कीं, तें दुसऱ्याला देतां येत नाहीं आणि भांडें बदललें कीं तें फसतें. उष्णतामापकानें जुन्या माणसाचें कसब हिरावून घेतलें नाहीं; तें नवशिक्यालाही देतां येईल असें केलें. मोजतां येऊं लागल्यावर आवरण्याचें साधनही आलें. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हौदांत धातूच्या नळ्यांचीं वेटोळीं बसवून त्यांतून थंड पाणी खेळविण्याची युक्ति रूढ होत गेली. आंकडा चढूं लागला कीं पाणी सोडावें. उतरूं लागला कीं बंद करावें. उष्णता व कार्य यांचें नातें सिद्ध करणारा जेम्स जूल हा सॅलफर्डच्या एका बीअरवाल्याचा मुलगा होता, ही गोष्ट या ओघांत सहज आठवते.

मोजणें व थंड ठेवणें साधलें. फेसाला वाट देण्याचें काम राहिलें. त्याचें सर्वांत देखणें उत्तर बर्टन-ऑन-ट्रेंट या गांवीं रूढ झालें. १८३८ सालीं पीटर वॉकर यानें ज्या रचनेचें पेटंट घेतलें तीत पिंपांच्या रांगा आडव्या मांडलेल्या असतात. प्रत्येक पिंपाच्या माथ्यावर हंसाच्या मानेसारखी वांकविलेली नळी असते. आणि सर्व नळ्यांचीं तोंडें वरच्या एका लांब पन्हळींत उघडतात. किण्वन भरांत आलें कीं फेस आपल्याच जोरानें नळींतून वर चढतो व पन्हळींत पडतो. तेथें यीस्ट मागें राहतें व निथळलेली बीअर खालच्या नळीनें पिंपांत परत येते. ज्या उसळीची भीति वाटावी तिलाच येथें कामाला लावलें आहे: बीअर स्वच्छ होते, पुढील वेळेसाठीं ताजें यीस्ट मिळतें, आणि जमिनीवर कांहीं सांडत नाहीं. मार्स्टन्स या कंपनीनें बर्टन येथें ही पद्धत २०२४ पर्यंत चालविली. त्या वर्षीं ती बंद झाली, तेव्हां पिंपांचा एक संच डर्बीशायरमधील थॉर्नब्रिज या कारखान्यानें आपल्याकडे नेऊन वापरांत ठेवला.

वाट न दिली तर काय होतें याचा धडा फ्रान्समधील शँपेन प्रांतानें दिला. तेथील दारूंत फेस राहावा म्हणून ती बाटलींत बंद केल्यावर दुसऱ्यांदां आंबवितात. पण बाटलींत साखर किती उरली आहे हें कळण्याचें साधन नव्हतें. वसंतऋतूंत तळघरें उबदार होऊं लागलीं कीं बाटल्या फुटूं लागत. एक फुटली कीं तिच्या दणक्यानें शेजारच्या फुटत. आणि कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून वावरत. १८३६ च्या सुमारास शालों येथील झाँ-बाप्तिस्त फ्रान्स्वा या औषधी विक्रेत्यानें दारूंतील साखर मोजून बाटलींत किती घालावी याचें गणित बसविलें. एका लिटरला सुमारें चार ग्रॅम साखरेमागें वातावरणाएवढा एक दाब वाढतो, आणि शँपेनला असे सहा दाब पुरे होतात. एवढें समजल्यावर फुटणाऱ्या बाटल्यांचें प्रमाण उतरत गेलें.

याच धड्याचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोंचतो. मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील गोऱ्या अंमलदारांसाठीं एकोणिसाव्या शतकांत जी फिकी बीअर इंग्लंडहून गलबतांनीं येई तिला उष्ण कटिबंध ओलांडून कित्येक महिने प्रवास करावा लागे. पिंपांत साखर शिल्लक असती तर वाटेंत ती आंबून पिंपें उललीं असतीं. म्हणून या बीअरमधील साखर निघण्यापूर्वींच होईल तितकी आंबवून संपवीत आणि हॉप भरपूर घालीत. पुढें हिंदुस्थानांतच बीअर काढण्याचें ठरलें तेव्हां आरंभींचे कारखाने कसौली व मरी यांसारख्या थंड डोंगरी ठिकाणीं निघाले. बवेरियानें जो थंडावा पंचांगांत शोधला तो येथें उंचीवर शोधावा लागला.

एवढें सर्व होईपर्यंत मुख्य कर्ता पडद्याआडच होता. १६८० सालीं हॉलंडच्या लेव्हेनहूक यानें यीस्टचे बारीक गोळे सूक्ष्मदर्शकांतून पाहिले, पण ते सजीव असल्याचें त्याला कळलें नाहीं. १८३७ च्या सुमारास काग्न्यार-लातूर, श्वान व क्यूट्झिंग या तिघांनीं स्वतंत्रपणें तसें सांगितलें, तर रसायनशास्त्राचे धुरीण त्यांना हंसले. १८३९ सालीं व्होलर व लीबिग यांनीं जर्मन नियतकालिकांत एक निनांवी विडंबन छापलें. त्यांत यीस्ट म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या आकाराचे, साखर गिळून मद्यार्क सोडणारे चिमुकले प्राणी होत असें वर्णन होतें. थट्टा म्हणून लिहिलेलें हें वर्णन सत्याच्या बरेंच जवळ होतें, हें पुढें पाश्चरनें दाखविलें. १८७१ सालीं पाश्चर लंडनमध्यें व्हिटब्रेडच्या कारखान्यांत गेला, सूक्ष्मदर्शकाखालीं त्यानें तेथील यीस्ट पाहिलें व तें दूषित असल्याचें मालकांना दाखविलें. आठवड्याच्या आंत त्या कारखान्यानें स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेतला. ज्या घरानें शंभर वर्षांपूर्वीं बेव्हरस्टॉकच्या काचेच्या नळीला दार दाखविलें होतें त्यानें या दुसऱ्या काचेला इतक्या तत्परतेनें घरांत घ्यावें, यांत शतकाचा सारा फरक दिसतो.

मोजण्याची इंग्रजी विद्या आणि थंडीची बवेरियन विद्या यांचा संगमही याच शतकांत झाला. १८३३ सालीं म्युनिकचा गाब्रिएल झेडलमायर व व्हिएन्नाजवळचा आन्टोन द्रेहर हे दोघे तरुण इंग्लंड-स्कॉटलंडमधील कारखाने पाहत हिंडले. आंबणाऱ्या काढ्याचे नमुने चोरून घेण्यासाठीं त्यांनीं पोकळ काठी जवळ बाळगली होती असें सांगतात. १८४५ सालीं कोपनहेगनच्या जे. सी. याकोबसेन यानें झेडलमायरकडून तळाशीं बसणारें यीस्ट घेतलें आणि घोडागाडीच्या लांब प्रवासांत मुक्कामामुक्कामाला भांड्यावर गार पाणी ओतून तें जिवंत घरीं नेलें. त्याच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत १८८३ सालीं एमिल ख्रिस्तियान हान्सेन यानें एका पेशीपासून वाढविलेलें शुद्ध यीस्ट प्रथम वापरांत आणलें, आणि याकोबसेननें तें इतर कारखान्यांना मोकळेपणानें दिलें. दरम्यान कार्ल लिंडे यानें झेडलमायरच्याच स्पाटेन कारखान्यांत १८७३ पासून आपल्या शीतयंत्राचे प्रयोग केले होते. त्या यंत्रानें बवेरियाचा हिवाळा बारमाही केला. थंडींतही काम करणारें हें यीस्ट दोन जातींच्या संकरांतून झालेलें असून त्यांतली एक जात थंडी सोसणारी रानटी जात आहे, असें २०११ सालीं सिद्ध झालें.

कारखान्यांना ही विद्या मिळाली, पण घराघरांतून मात्र ती नाहींशी होत गेली. ब्रिटनमध्यें १८८० पासून घरीं बीअर करण्यास परवाना लागूं लागला. तो १९६३ सालीं रद्द झाला. अमेरिकेंत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळांत लोक दुकानांतून सातूच्या अर्काचे डबे आणून तळघरांत चोरून बीअर करीत. शर्करामापक नाहीं, उष्णतामापक नाहीं, आणि आंबण्याचें काम पुरें होण्याआधींच बाटल्या बंद करण्याची घाई. त्यामुळें मध्यरात्रीं तळघरांतून स्फोटांचे आवाज येणें हा त्या काळचा परिचित प्रकार होता. बंदी उठल्यावरही तेथें घरगुती बीअरला मध्यवर्ती कायद्याची मान्यता नव्हती. १९७८ च्या ऑक्टोबरांत अध्यक्ष कार्टर यांनीं सही केलेल्या कायद्यानें ती पुढील वर्षापासून मिळाली. आपल्याकडे महाराष्ट्रांत १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं परवान्याशिवाय मद्य तयार करतां येत नाहीं, हें येथें सांगून ठेवलेलें बरें.

ज्या देशांत ही हौस कायदेशीर आहे तेथील नवशिक्याच्या टेबलावर आज हा सारा इतिहास लहान आकारांत मांडलेला असतो. त्याचा प्रसंग ठरलेला आहे. यीस्ट सोडल्यावर पहिले कांहीं तास कांहींच दिसत नाहीं. दुसऱ्या दिवशीं भांड्यावर पिवळसर-तपकिरी फेसाचा मुगुट चढतो. तो एअरलॉक नांवाच्या, पाणी भरलेल्या वांकड्या नळींत शिरतो. हॉपचा गाळ तींत अडकतो आणि वायूची वाट बंद होते. या क्षणीं घाबरलेला माणूस झांकण अधिक घट्ट दाबतो. नेमकें तेंच करूं नये. बूच दाबल्यानें फेस थांबत नाहीं. दाब तेवढा सांचतो, आणि मग बूच उडून छत रंगतें, किंवा भांडें काचेचें असलें तर फुटतें. अशा वेळीं तोंड दूर ठेवून बूच हळूहळू सैल करावें, तुंबलेली नळी काढून धुवावी, आणि तिच्या जागीं बर्टनच्या हंसमानेची आठवण देणारी रुंद नळी बसवून तिचें दुसरें टोंक पाण्याच्या बादलींत बुडवावें. नळी मिळेपर्यंत भांड्याच्या तोंडावर स्वच्छ फडकें झांकलें तरी चालतें. वायु आंतून बाहेर जोरानें येत असतां बाहेरची घाण आंत शिरण्याचा संभव थोडा असतो.

त्यानंतर उष्णतेकडे वळावें. भांडें पाण्याच्या टबांत ठेवावें किंवा त्याला ओलें कापड गुंडाळून पंख्याखालीं ठेवावें. थंडावा एकदम फार देऊं नये, नाहींतर यीस्ट मधेंच निजतें आणि काम अर्धवट राहतें. परंतु खरी खबरदारी याच्या आधींची आहे. भांड्याचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावा. काढा दाट असेल किंवा गव्हाचा असेल तर तिसरा हिस्सा. काढा पुरता निवल्याशिवाय यीस्ट सोडूं नये, आणि आंतलें उष्णतामान खोलीहून कांहीं अंश अधिक राहणार हें धरून खोली निवडावी. फेस बसला म्हणजे काम संपलें असें समजूं नये. शर्करामापकाचा आंकडा तीन दिवस स्थिर राहिल्यावरच बाटल्या भराव्या, आणि शँपेनचें गणित आठवून साखर मोजून घालावी. भांडें ज्या खोलींत असेल ती कोंदट नसावी.

या नियमांनाही अपवाद आहेत. नॉर्वेच्या पश्चिम भागांतील शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलें 'क्वाइक' नांवाचें यीस्ट चाळीस अंशांच्या आसपासही उत्तम काम करतें, आणि दोन-तीन दिवसांत चवीला बाध न आणतां मोकळें होतें. म्हणून उष्णता ही सर्वत्र सारखीच शत्रु आहे असें म्हणतां येत नाहीं. आपल्या हातांतलें यीस्ट कोणतें व त्याची प्रकृति काय, हें जाणणें नियम पाठ करण्याहून अधिक महत्त्वाचें आहे. हान्सेननें एक पेशी वेगळी काढली त्याचें मोलही हेंच, कीं तेव्हांपासून यीस्टची जात व तिचा स्वभाव निश्चितपणें सांगतां येऊं लागला.

या सर्व हकीगतींत एक गोष्ट पुन्हां पुन्हां दिसते. किण्वनाचा जोर ऐन भरांत असतांना कोणालाही आवरतां आलेला नाहीं. ड्यूकच्या फर्मानाला नाहीं, जाड काचेला नाहीं आणि घट्ट बुचालाही नाहीं. ज्यांना यश आलें त्यांनीं आपलें काम जोर येण्यापूर्वीं केलें: ऋतु निवडला, आंकडा मोजला, नळ्या बसविल्या, जागा रिकामी सोडली. जोर आल्यावर त्यांना फारसें करण्यासारखें उरलें नव्हतें, आणि तेंच त्यांच्या कसबाचें लक्षण होतें. साध्या फडक्यानें पुसतां येईल एवढ्या सांडलेल्या फेसावर नवशिक्याचा पहिला धडा भागला तर त्यानें स्वतःला भाग्यवान समजावें. कारण हाच धडा कित्येकांनीं फुटक्या बाटल्यांनीं, बुडालेल्या धंद्यांनीं आणि हौदाच्या तळाशीं पडलेल्या सोबत्यांनीं शिकलेला आहे.